काठ, पदर आणि घोटा



हिर्डोशीचे नाव घेऊन व्याख्यानाला उभा राहणाऱ्या माणसाकडून काय ऐकायचे हे ठरून गेलेले आहे. हिरडस मावळ, रोहिड्याचे बांदल देशमुख, बाजी प्रभू देशपांडे आणि १६६० च्या जुलैतील ती रात्र. त्या कथेविषयी माझा आदर कोणाहून कमी नाही. पण ती आपण माझ्यापेक्षा चांगली सांगणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. मी आज लुगड्याविषयी बोलणार आहे.

इतिहासाच्या व्यासपीठावर लुगडे आणले म्हणून कोणी हसले तर मला राग येणार नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाजी प्रभूंचे समकालीन चित्र आपल्याजवळ नाही. कॅलेंडरांवर त्यांच्या अंगात जो अंगरखा आणि डोक्यावर जे पागोटे दिसते ते मागाहूनच्या चित्रकारांनी घातलेले आहे. ज्या पुरुषांची नावे आपण मुखोद्गत केली त्यांचे कपडे आपल्याला ठाऊक नाहीत. उलट ज्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्यांचे वस्त्र मात्र पिढ्यान् पिढ्या चालत येऊन आपल्या आजीच्या अंगावर आपण डोळ्यांनी पाहिले. वस्त्र हाही कागद आहे. तो वाचावा कसा, एवढाच प्रश्न.

वाचनाला सुरुवात या खोऱ्यातूनच करू. हिर्डोशी आणि हिरडस या दोन्ही नावांत कानाला हिरडा ऐकू येतो. व्युत्पत्तीचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांवर सोपवू. पण सह्याद्रीच्या या उतारांवर हिरड्याची झाडे आहेत, याला भाषाशास्त्रज्ञाची साक्ष नको. हिरडा म्हटले की आपल्याला त्रिफळा आठवते. रंगाऱ्याला मात्र हिरडा म्हटले की काळा रंग आठवे. हिरड्याच्या सालीत तुरटपणा आणणारे द्रव्य भरपूर असते. त्या काढ्यात सुती कापड भिजवून मग ते हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात घातले की काळे पडते. उत्तम काळा हवा असेल तर कापड आधी निळीत बुडवीत आणि त्या निळ्यावर हा काळा चढवीत. तुरटीबरोबर हिरडा वापरला तर तांबडा रंग सुताला घट्ट धरून राहतो. सूत हे रेशमासारखे मानी नसले तरी रंगाच्या बाबतीत हट्टी असते. हिरडा त्या हट्टी सुताची समजूत घालतो. दूर परदेशातील कातडी कमावण्याच्या कारखान्यांपर्यंतही हिंदुस्थानचा हिरडा पोचला होता.

या काळ्या रंगाला एक शाप आहे. लोखंडाचा अंश कालांतराने सुताला खातो. माझ्या आजीच्या पेटीत एक चंद्रकळा होती. संक्रांतीला ती बाहेर निघे. आजी गेल्यावर आम्ही ती उलगडली तेव्हा तांबडा काठ शाबूत होता आणि काळे अंग घडी-घडीवर विरून गेले होते. हातात नुसता काठच राहिला. पुढे रंगशास्त्राचे थोडे वाचन झाले तेव्हा त्यामागचे कारण उमगले. जुन्या काळ्या वस्त्रांचे नमुने कमी का मिळतात, याचेही उत्तर बहुधा याच रसायनात आहे.

आजीचे एक म्हणणे होते. लुगडे घेताना ती आम्हा नातवंडांना सांगे, "आधी काठाकडे बघावं, मग अंगाकडे." तेव्हा त्यात मला शहाणपण दिसले नाही, हट्ट दिसला. तो हट्ट नव्हता हे कळायला मला एका फ्रेंच माणसाची मदत घ्यावी लागली, ही आपल्या शिक्षणाची गंमत आहे.

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा चित्रपडदे विणण्याचा जुना सरकारी कारखाना आहे. १८२४ साली मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची तेथील रंगखात्यावर नेमणूक झाली. त्यांच्यापुढे तक्रार आली की, कारखान्याचा काळा रंग फिका पडतो. निळ्या-जांभळ्या पडद्यांच्या सावल्यांत घातलेला काळा धागा जोरकस दिसत नाही. शेव्रल यांनी रंग तपासला. रंग निर्दोष होता. दोष शेजाराचा होता. दोन रंग शेजारी ठेवले की डोळा प्रत्येकावर दुसऱ्याच्या विरोधी रंगाची झाक चढवितो. निळ्याच्या शेजारी काळ्यावर नारिंगी मळकट छटा येते आणि तो विटका दिसतो. हिरव्याशेजारी तांबडा ठेवला तर मात्र दोघेही एकमेकांना पेटवितात. हा सारा विचार त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यात पडदे आणि बागा यांच्याबरोबर माणसाची कांती, केस आणि अंगावरचे कपडे यांचाही विचार आहे. कोणत्या कांतीला कोणता रंग खुलतो, हा प्रश्न एका गंभीर शास्त्रज्ञाने गंभीरपणे घेतला, एवढे आपल्या हसणाऱ्या मित्रांना सांगून ठेवतो.

आता इरकली लुगडे डोळ्यांपुढे आणा. इळकल हे गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. पण त्याचे लुगडे आमच्या घाटमाथ्यावरच्या बाईने इतके आपले केले की ते परक्या मुलखातले आहे असे तिला कधी वाटले नाही. अंग गडद: डाळिंबी, मोरपिशी, निळे किंवा गर्द हिरवे. पदर तांबडा आणि त्यावर पांढरी नक्षी. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा. दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवून विणकर ते जोडतो. गर्द हिरव्याला तांबड्या पदराची जोड देणाऱ्या विणकराने शेव्रल वाचलेला नव्हता. त्याने बाजारात बसून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचला होता.

त्या चेहऱ्याचाही विचार करा. मावळातील बाई उन्हात, पावसात, भाताच्या खाचरात राबणारी. कांती गव्हाळ किंवा सावळी. फिकट वस्त्र अशा कांतीशेजारी आले की कांती अधिक काळवंडते; गडद वस्त्र आले की चेहरा उजळतो. हिरवी चोळी तर चेहऱ्यावर तांबूस झाक टाकते. नव्या नवरीला आणि गर्भार बाईला हिरवे देण्याची आपली चाल आहे. ती चाल कांती पाहून पडलेली नाही. तिच्यामागे अंकुराची, सुफलतेची कल्पना आहे. पण रूढीने सांगितलेला रंग अंगाला शोभतोही, तेव्हा ती रूढी पाळायला जड जात नाही.

रंगांना आम्ही जी नावे दिली त्यांतही हीच नजर दिसते. अंजिरी, आमसुली, शेवाळी, अबोली, गुलबक्षी, पोपटी, वांगी. परसात आणि रानात जे होते तेच अंगावर घेतले. एका रंगाचा ताणा व दुसऱ्याचा बाणा घालून केलेला धूपछाँव हा तर ऊन-सावलीचाच खेळ.

रंगाइतकेच प्रमाण महत्त्वाचे, आणि प्रमाणाची सारी मदार काठावर. काठ ही आडवी रेघ आहे. आडवी रेघ उंची कापते. म्हणून ठेंगण्या बाईने वीतभर काठ घेतला की ती आणखी ठेंगणी दिसते, आणि उंच बाईने बोटभर काठ घेतला की लुगडे अपुरे वाटते. हा हिशेब कापडाच्या दुकानात बसलेली कोणतीही जाणती बाई बोटे लावून करीत असे. पण नऊवारी लुगड्याने या आडव्या रेघेवर एक युक्ती योजलेली आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याला शिवण नाही, टाका नाही. पुढे निऱ्या, मधून काढून मागे खोचलेला कासोटा, उरलेला भाग छातीवरून तिरपा खांद्यावर. या नेसण्यात काठ घोट्याभोवती गोल फिरून थांबत नाही. तो पोटरीवरून तिरपा चढतो, मागे कण्याच्या रेषेत उभा राहतो आणि पदराबरोबर पुन्हा तिरपा खांद्यावर जातो. आडवी रेघ उभी झाली! त्यामुळे रुंद काठाचे लुगडेही नऊवारीत अंगाला जड होत नाही. चोळीच्या खणाचीही हीच गोष्ट. गुळेदगुड्डच्या खणाचा काठ बेतणारी बाई तो दंडावर येईल असा बेतते. नजर दंडावर गेली की बांधा भरदार दिसतो. विदर्भाचा करवती काठ, पैठणीचा नारळी काठ, रुईफुली काठ, अशा नुसत्या काठांच्या नावांवर एक वेगळे व्याख्यान होईल. ते मी देत नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे वळतो.

लुगडे खाली कोठपर्यंत यावे? गुडघ्यापर्यंत, पोटरीपर्यंत, की घोट्यापर्यंत? हा प्रश्न शोभेचा वाटतो. तो शोभेचा राहिलेला नव्हता. आवणीच्या दिवसांत हिर्डोशी खोऱ्यात पाठीवर इरले घेऊन चिखलात वाकलेल्या बाईचे लुगडे गुडघ्याच्या वर खोचलेले असे. ते कामाचे प्रमाण होते आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण कामावरून घरी आल्यावर कोणाचे लुगडे खाली उतरे आणि कोणाचे वरच राही? येथे काम संपते आणि जात सुरू होते. ब्राह्मणी नेसण लांब, घोट्याकडे झुकणारे, कष्टकऱ्यांचे आखूड, आणि गावकुसाबाहेरच्या बाईने आखूडच नेसायचे. दुरून चालत येणाऱ्या बाईचा चेहरा दिसण्यापूर्वी तिच्या लुगड्याच्या काठाची उंची दिसे, आणि तिला वाटेत जागा द्यायची की नाही हे तेवढ्यावर ठरे.

विधवेचे तेच. ब्राह्मण घरांतील सोवळ्या विधवेला जे आलवण दिले जाई ते तांबडे असे. तांबडा हा तर कुंकवाचा, मंगळसूत्राच्या सोहळ्याचा रंग! मग त्याच रंगाची शिक्षा कशी झाली? काठपदराची शोभा काढून घेतली आणि चोळी काढून घेतली म्हणून. रंग तोच ठेवून त्याचा शेजार हिरावून घेतला. शेव्रल यांच्या नियमाचा एवढा क्रूर उपयोग दुसरा मला ठाऊक नाही. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला नेला. तेथील मुली शिकल्या हे आपण नेहमी सांगतो. शिक्षणाबरोबर अंगावरचे वस्त्रही बदलण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा झाला, हे सांगायचे राहून जाते.

हिर्डोशीहून नीरेच्या काठाने वर चढत गेले की वरंधा घाट लागतो. घाट उतरला की बिरवाडी आणि पुढे महाड. १९२७ साली अलीकडे भोरच्या पंतसचिवांचे संस्थान होते आणि पलीकडे इंग्रजांचा कुलाबा जिल्हा. त्या वर्षी मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले आणि डिसेंबरच्या २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. या दोन घटना शाळेच्या पुस्तकांत आल्या आहेत. तिसरी आलेली नाही. त्या डिसेंबरच्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि तिच्यात ते लुगड्याविषयी बोलले.

त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता. तुमच्या नेसण्याच्या पद्धतीवरून तुमची जात ओळखली जाते, ती खूण पुसून टाका. वरच्या वर्गांतील बायका नेसतात तसे नेसा. कपडा फाटका असला तरी चालेल, तो स्वच्छ असू द्या. गळ्यातील आणि हातापायांतील ते जडशीळ, हलक्या धातूचे दागिने टाका. मुलींना शाळेत घाला. तेथे आलेल्या टिपणीस आणि चित्रे या कायस्थ कुटुंबांतील स्त्रियांनी त्या बायकांना लांब लुगडे कसे नेसायचे ते दाखविले, आणि तेथल्या तेथे अनेकींनी नेसण बदलले. बाजी प्रभूही त्याच कायस्थ प्रभू ज्ञातीचे होते, हा योगायोग हिरडस मावळातील श्रोत्यांना सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

कापड तेच, रंग तोच, काठही तोच. फक्त काठ काही बोटे खाली आला. कोणी म्हणेल, वरिष्ठांचे अनुकरण करायला सांगणे हा काय क्रांतीचा मार्ग? हा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि त्यात थोडे तथ्य आहे. जे वस्त्र आखूड होते ते कुरूप नव्हते. चालायला, वाकायला, ओझे वाहायला तेच सोयीचे होते. पण आक्षेप घेणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, त्या बाईने ते निवडलेले नव्हते. निवडण्याचा पहिला दिवस तिला महाडात मिळाला.

आणि काठ खाली आणणे किती धोक्याचे होते, याचा पुरावा त्याच आठवड्याचा आहे. १९२८ च्या जानेवारीच्या आरंभी 'टाइम्स ऑफ इंडिया'त इंदूर संस्थानातील वार्ता आली. कनारिया, बिचोली आणि आसपासच्या गावांतील वरच्या जातींच्या लोकांनी व पाटील-पटवाऱ्यांनी बलाई या अस्पृश्य जातीला नियम घालून दिले होते. बलाईंनी जरीकाठी पगडी बांधू नये. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, झोकाचे झगे-चोळ्या वापरू नयेत. पुढे १९३६ साली बाबासाहेबांनी आपल्या 'जातिनिर्मूलना'च्या प्रसिद्ध निबंधात ही हकीगत उद्धृत केली. नियम मान्य न करणाऱ्या बलाईंना गावच्या विहिरीचे पाणी बंद झाले, गुरे चारणे बंद झाले, शेतांतून जाण्याची वाट बंद झाली. कित्येक जण गाव सोडून निघून गेले. धोतराच्या काठावरच्या चार रंगीत धाग्यांसाठी!

रंगाच्या बाबतीत मात्र गरिबाला एक मित्र भलत्याच दिशेने भेटला. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून डांबरापासून जांभळा रंग निघाला. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील तांबडे रंगद्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनविले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. आमच्या रंगाऱ्यांचा धंदा यात बुडाला. त्यांच्या घरांत पडलेल्या अंधाराचे मला दुःख आहे. पण त्याच डांबरी रंगाने गडद डाळिंबी आणि मोरपिशी लुगडे मजूर बाईच्या आवाक्यात आणले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी झाकून ठेवू नये.

नेसणही पुढे बदललेच. सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नोकरीला असताना त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी यांनी मुंबईकडील पारशी स्त्रियांची पद्धत उचलली आणि ती बंगालात नेली. आतून परकर, वरून गोल साडी हा थाट हळूहळू देशभर पसरला. महाराष्ट्रात त्याला गोल पातळ म्हणत. आमच्या बायकांनी ते आधी शहरात आणि मग खेड्यात स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आले तेव्हा नऊ वारांपेक्षा पाच वार परवडणारे होते, हेही एक कारण. शोभेच्या दृष्टीने गोल पातळाने एक दिले आणि एक घेतले. समोरच्या निऱ्या कमरेपासून जमिनीपर्यंत सरळ पडतात, त्यामुळे बाई उंच दिसते. पण काठ घोट्याभोवती गोल फिरतो, मागची ती उभी रेघ जाते, आणि कासोटा सुटल्यामुळे पाऊल लहान पडते. ओझे घेऊन वरंधा चढायला मी गोल पातळ सुचविणार नाही. मात्र या नेसण्यात जातीची खूण नव्हती. शिक्षिका, परिचारिका, कारकून बाई आणि त्यांच्या आया या सर्वजणींचा काठ एकाच उंचीवर आला. महाडला जे बोटे मोजून करावे लागले ते येथे न बोलता झाले.

आज नीरा-देवघर धरणाचे पाणी या खोऱ्यात भरलेले आहे. ज्या खाचरांत खोचलेली लुगडी वाकत त्यांतली कित्येक त्या पाण्याखाली आहेत. म्हाताऱ्या बायका अजून नऊवारीत दिसतात. त्यांच्या सुना पाचवारीत आणि नाती सलवार-कमीजमध्ये. लग्न निघाले की मात्र नातीला नऊवारी हवी असते. ती नेसता येत नाही म्हणून शिवून घेतात. विजारीसारखी पाय घालून चढवायची, वर हूक लावायचा, दोन मिनिटांत काम झाले. मला त्यात वावगे वाटत नाही. मुली सुंदर दिसतात आणि काठ पाठीवरून पुन्हा उभा चढलेला पाहून माझ्यासारख्याला बरे वाटते.

परवा अशाच एका लग्नाच्या खरेदीला मी कापडाच्या दुकानात गेलो होतो. शिवलेल्या नऊवाऱ्या ओळीने टांगलेल्या होत्या. माझ्याबरोबरच्या मुलीने एक हिरवी, तांबड्या काठाची काढली, अंगाला लावून आरशात पाहिले आणि लांबी घोट्यापर्यंत येते का ते विचारले. दुकानातल्या मुलाने आत आवाज दिला, "दादा, हिरव्यात ब्राह्मणी दाखवा, लांबीला मोठी." आतून दुसऱ्याने विचारले, "ब्राह्मणी की पेशवाई?" प्रत्येक प्रकाराच्या कोपऱ्याला चिठ्ठी टाचलेली होती. तिच्यावर नेसणीचे नाव होते, आणि त्याच्याखाली किंमत.